विमानांच्या इतिहासातील जर-तर



पानिपताच्या रणांगणावर विश्वासरावांना गोळी लागली नसती तर काय झाले असते, किंवा थोरल्या माधवरावांना आणखी वीस वर्षांचे आयुष्य लाभले असते तर हिंदुस्थानचा नकाशा कसा दिसला असता, हे प्रश्न मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या विचारले जात आले आहेत. आगगाडीचा डबा असो, वादसभा असो की ओसरीवरच्या गप्पा असोत, हा विषय निघाला की दोन पक्ष तत्काळ उभे राहतात. इतिहासाचा शिस्तशीर अभ्यास करणारी मंडळी मात्र या चर्चेकडे किंचित हसून पाहतात. आत्याबाईला मिशा असत्या तर, एवढे म्हणून ती आपल्या कागदपत्रांकडे वळतात.

त्यांचे हसणे अगदीच अकारण आहे असे नाही. तथापि जर-तरचे सगळेच प्रश्न एका मापाने मोजणे योग्य नव्हे. बंदुकीची गोळी किंवा क्षयाचे दुखणे कोणाची संमती घेऊन येत नाही. तेथे "असे झाले नसते तर" म्हणणे हा निव्वळ हळहळीचा प्रकार होय. परंतु एखाद्या सरकारपुढे दोन प्रस्ताव होते, दोहोंवर विचार झाला, आणि त्यांपैकी एकावर सही पडली, असे जेथे घडते तेथे दुसऱ्या प्रस्तावाचा विचार करणे निरर्थक ठरत नाही. फक्त त्या विचाराला काही पथ्ये पाळावी लागतात. पहिले पथ्य असे, की तो निर्णय खरोखरच कोणाच्या तरी हातात असला पाहिजे. दुसरे, त्या माणसाला त्या दिवशी जेवढे ठाऊक होते तेवढ्याच माहितीवर आपणही न्याय केला पाहिजे. पुढची पाने अगोदर वाचून मागच्यांना शहाणपण शिकवणे सोपे असते. आणि तिसरे, जे आपण मागतो त्याची किंमतही आपण सांगितली पाहिजे. एक गोष्ट घ्यायची तर दुसरी कोणती सोडायची, हे न सांगता केलेली योजना म्हणजे मनोराज्यच.

या तीन पथ्यांनिशी आज आपण विमानांच्या इतिहासातील दोन जर-तर पाहू. एक इटलीतील आहे, दुसरा आपल्या बंगळूर शहरातील. दोहोंमध्ये वीस-पंचवीस वर्षांचे आणि हजारो मैलांचे अंतर आहे; पण दोहोंचा गाभा एकच आहे असे दिसून येईल.

युरोपात आणि अमेरिकेत विमानविद्येचे जे शौकीन आहेत त्यांच्यात एक प्रश्न वारंवार निघतो. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इटलीने आपल्या लढाऊ विमानांची आखणी निराळ्या रीतीने केली असती तर? हा प्रश्न निघण्याचे कारण असे, की त्या काळी आकाशातील कीर्तीच्या बाबतीत इटली कोणाच्याही मागे नव्हती. १९२६ साली अमेरिकेत झालेल्या श्नायडर चषकाच्या शर्यतीत मारिओ दे बेर्नार्दी या वैमानिकाने माक्की कंपनीचे एम-३९ हे विमान पळवून पहिला क्रमांक मिळवला. १९३३ साली इतालो बाल्बो याने पाण्यावरून उडणाऱ्या विमानांचा ताफा ओर्बेतेल्लोहून अटलांटिकपार नेला आणि चोवीस विमानांनिशी तो शिकागोला उतरला. पुढच्याच वर्षी, १९३४ च्या ऑक्टोबरात, फ्रांचेस्को आजेल्लो याने माक्की-कास्तोल्दी ७२ हे विमान ताशी ७०९ किलोमीटर वेगाने उडवले. पाण्यावर उतरणाऱ्या आणि जुन्या धर्तीच्या एंजिनावर चालणाऱ्या विमानांत तो उच्चांक आजतागायत कोणी मोडलेला नाही.

असे असूनही १९४० च्या जूनमध्ये इटली महायुद्धात उतरली तेव्हा तिच्या हवाई दलाची स्थिती काय होती? शत्रूंची विमाने एकपंखी झाली असताना फियाटचे सी. आर. ४२ हे दुपंखी विमान इटलीच्या कारखान्यांतून बाहेर पडतच होते. जी एकपंखी विमाने होती त्यांची बांधणी चांगली होती, वैमानिक तर त्यांवर खूष होते. परंतु त्यांच्या नाकात बसवलेले एंजिन अवघ्या ८४० अश्वशक्तीचे होते. ज्या देशाने सातशे किलोमीटरचा वेग गाठला त्याच देशाचे पहिल्या फळीतील लढाऊ विमान ताशी पाचशे किलोमीटरशी येऊन थांबत होते.

याचे मूळ विमानांच्या आकारात नव्हते, एंजिनांच्या निवडीत होते. त्या काळी एंजिनांचे दोन मुख्य प्रकार होते. एका प्रकारात सिलिंडर एका रांगेत, एकामागे एक मांडलेले असत आणि ते पाण्याने थंड केले जात. असे एंजिन अरुंद असल्यामुळे विमानाचे नाक निमुळते ठेवता येई. दुसऱ्या प्रकारात सिलिंडर चाकाच्या आऱ्यांप्रमाणे वर्तुळाकार मांडलेले असत आणि वाऱ्यानेच थंड होत. ते रुंद असे, पण सुटसुटीत असे. पाण्याची नळी गोळीने फुटण्याची भीती त्यात नव्हती. १९३३ च्या सुमारास इटलीच्या विमान खात्याने या दुसऱ्या प्रकारावर भर द्यायचे ठरवले. फियाटचे पाण्याने थंड होणारे एंजिन तोपर्यंत चांगले नावारूपास आले होते. पण त्या शाखेचे पालनपोषण पुढे खुंटले. आजेल्लोच्या विमानातील प्रचंड एंजिन हे शर्यतीसाठी पोसलेल्या घोड्यासारखे होते. खास इंधनावर थोडा वेळ धावायचे, एवढेच त्याचे काम. त्यातून सैन्याला पुरवता येईल असे रोजच्या वापराचे एंजिन निपजले नाही.

हा दोष किती मोठा होता हे एका उदाहरणाने पटते. मारिओ कास्तोल्दी याने आखलेले माक्की सी. २०० हे विमान १९३७ च्या डिसेंबरात प्रथम उडाले. तीन वर्षे उलटण्याच्या आत त्याच आखणीकाराने त्याच विमानाचे पंख जवळजवळ जसेच्या तसे ठेवून त्याला जर्मनीहून आणवलेले डाइम्लर-बेंझ एंजिन बसवले आणि नाकाचा भाग नव्याने रेखला. हे झाले सी. २०२. १९४० च्या ऑगस्टमध्ये ते उडाले आणि वेग ताशी शंभर किलोमीटरने वाढला. माणूस तोच, कारखाना तोच, पंख तेच. बदलले ते एंजिन. मात्र ते एंजिन परक्याचे होते. परवाना घेऊन ते इटलीत बनवू लागल्यावरही कारखान्यातून हवी तेवढी एंजिने वेळेवर निघेनात, आणि चांगले विमान हाती असूनही ते आघाडीवर हवे तेवढे पोचेना.

म्हणून हौशी मंडळी इटलीला जी नवी योजना आखून देतात तिचे पहिले कलम नेहमी एंजिनाचे असते. दोन्ही प्रकारची एंजिने चालू ठेवा, विमानांचे वाण कमी करा, शर्यतीवरचा पैसा रोजच्या एंजिनावर लावा. आपली तीन पथ्ये या योजनेला लावून पाहिली तर ती बऱ्याच अंशी टिकते. निर्णय विमान खात्याच्या हातातच होता. दुसऱ्या शाखेचे ज्ञान देशात होते. किंमतही सांगता येण्यासारखी होती: मिरवणुका कमी, उच्चांक कमी. पण राज्यकर्त्यांना नेमकी मिरवणूकच हवी होती, आणि म्हणून ती किंमत देण्यास ते राजी झाले असते असे वाटत नाही.

आता आपण बंगळूरकडे येऊ.

या शहरात विमाने बनू लागली त्याचे श्रेय मूळचे एका सोलापूरकराचे. वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरास जन्मले. बोगदे आणि रस्ते, साखर, जहाजे आणि मोटारी अशा एकामागून एक उद्योगांत त्यांनी हात घातला. १९३९ साली अमेरिकेस जाताना विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन उद्योजकाशी गाठ पडली, आणि हिंदुस्थानात विमानांचा कारखाना काढण्याची कल्पना तेथून मूळ धरू लागली. म्हैसूर संस्थान पाठीशी उभे राहिले, आणि १९४० च्या २३ डिसेंबरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी चार कोटी रुपयांच्या अधिकृत भांडवलाने बंगळूरमध्ये नोंदली गेली. वर्षभराच्या आत पहिले शिकाऊ विमान येथे जोडून उडवले गेले. परंतु जपान ब्रह्मदेशापर्यंत येऊन ठेपला तशी सरकारची निकड वाढली, आणि १९४२ साली वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन सरकारने कारखान्याचा कारभार आपल्या हाती घेतला.

कारखाना वालचंदांकडेच राहिला असता तर, हा प्रश्न मनाला मोह घालणारा आहे. पण आपल्या पहिल्याच पथ्यात तो अडकतो. युद्धकाळी परकीय सरकारने घेतलेला तो निर्णय आपल्या कोणाच्या हातातला नव्हता. शिवाय त्या कारखान्यात जोडल्या जाणाऱ्या विमानांची एंजिने अमेरिकेतूनच येत होती. मालक कोणीही असता तरी ही गोष्ट एकदम बदलती ना.

स्वातंत्र्यानंतर मात्र निर्णय आपले झाले, आणि येथे आणखी एका मराठी माणसाचे नाव घ्यावे लागते. विष्णु माधव घाटगे हे कोल्हापूर भागातील हसूरचंपू गावचे. जर्मनीत गटिंगेन येथे लुडविग प्रांट्‌ल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पंखाभोवतालून हवा कशी वाहते या विषयात प्रांट्‌ल हे त्या काळी जगातील अग्रगण्य नाव होते. घाटगे १९४० सालीच बंगळूरच्या कारखान्यात रुजू झाले, आणि भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग निघाला तेव्हा तेथेही त्यांनी अध्यापन केले. त्यांच्या नेतृत्वाखाली आखलेले एच. टी. २ हे दोन आसनी शिकाऊ विमान १९५१ च्या ऑगस्टमध्ये उडाले. भारतीयांनी आखलेले आणि मोठ्या संख्येने बनवलेले ते पहिले विमान.

एच. टी. २ हे काही डोळे दिपवणारे विमान नव्हते. त्याचे एंजिन दीडशे अश्वशक्तीच्या आसपासचे, ब्रिटिश बनावटीचे आणि बाजारात तयार मिळणारे होते. अंथरूण पाहून पाय पसरावे ही आपली जुनी म्हण. घाटग्यांनी विमानविद्येत ती अक्षरशः पाळली. आधी हातात असलेले एंजिन पाहिले आणि मग त्याला शोभेल असे विमान रेखले. परिणाम असा, की आपल्या कित्येक वैमानिकांनी उड्डाणाचा श्रीगणेशा या विमानावर गिरवला, आणि त्यांपैकी काही विमाने घाना या नवस्वतंत्र देशासही गेली.

पण स्वतंत्र राष्ट्राची भूक शिकाऊ विमानावर भागणारी नव्हती. हवाई दलाला ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारे लढाऊ विमान हवे होते, आणि ते आपल्या देशातच आखले जावे अशी सरकारची इच्छा होती. १९५६ च्या ऑगस्टमध्ये कुर्ट टांक हे प्रख्यात जर्मन आखणीकार आपल्या सहकाऱ्यांसह बंगळूरला आले. महायुद्धातील फोके-वुल्फ १९० हे गाजलेले विमान त्यांचेच. त्या विमानाची एक हकिकत येथे ध्यानात ठेवण्यासारखी आहे. इटलीला ज्या डाइम्लर-बेंझ एंजिनासाठी जर्मनीकडे हात पसरावा लागला, ते जर्मनीतही मुबलक नव्हते. दुसऱ्या विमानांसाठी ते राखून ठेवलेले असे. टांकांनी ते ओळखून उपलब्ध असलेले वाऱ्याने थंड होणारे एंजिन स्वीकारले आणि त्याभोवती उत्कृष्ट विमान रचले. बंगळूरमध्ये त्यांच्या वाट्याला ही सोय आली नाही.

त्यांच्या बंगळूरच्या विमानाचे नाव एच. एफ. २४, अर्थात मारुत. प्रथम लाकडाचे, एंजिनाविना, पूर्ण आकाराचे विमान बनवले गेले. डाकोटा विमानाने ते ओढत उंच न्यायचे आणि मग सोडून द्यायचे, अशा रीतीने १९५९ आणि १९६० मध्ये त्याच्या कितीतरी चाचण्या झाल्या. आणि १९६१ च्या १७ जूनला विंग कमांडर सुरंजन दास यांनी बंगळूरच्या धावपट्टीवरून पहिले मारुत आकाशात नेले. अंगापिंडाने ते अत्यंत रेखीव होते. आजही बंगळूरच्या विश्वेश्वरय्या संग्रहालयाच्या आवारात किंवा मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात ते उभे असलेले पाहिले की त्याच्या मागे ओढलेल्या पंखांची ऐट नजरेत भरते.

उणीव होती ती पोटात. टांकांनी मारुताची आखणी ब्रिस्टल कंपनीच्या ऑर्फियस १२ या होऊ घातलेल्या एंजिनाच्या भरवशावर केली होती. जेट एंजिनाची ताकद त्याच्या रेट्यावरून मोजतात. शेपटाकडे पुन्हा इंधन जाळून या नव्या एंजिनाचा रेटा आठ हजार पौंडांच्या वर जाईल अशी अपेक्षा होती, आणि विमानात अशी दोन एंजिने बसणार होती. पण ते एंजिन तयार झालेले नव्हते. इतर देशांकडून त्याला जी मागणी येईल असे वाटले होते ती आली नाही. ब्रिटनने पुढचा खर्च करण्यास नकार दिला. आणि त्या खर्चाचा भार उचलण्याचा प्रश्न भारताकडे आला तेव्हा आपणही तो उचलला नाही. म्हणी कधी कधी फार अचूक असतात. बाजारात तुरी, असे आपण म्हणतो ते हेच.

मग हाताशी असलेले ऑर्फियस ७०३ हे एंजिन बसवावे लागले. त्याचा रेटा ४,८५० पौंड. ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी रेखलेले विमान ध्वनिवेगाच्या उंबरठ्यापाशी येऊन थांबले. त्यानंतर दहा वर्षे एंजिनाचा शोध चालू होता. रशियाकडे चौकशी झाली. इजिप्तमध्ये फर्डिनांड ब्रांडनर हे ऑस्ट्रियन तज्ज्ञ एक एंजिन तयार करत होते. म्हणून एक मारुत तेथे पाठवण्यात आले आणि १९६७ च्या मार्चमध्ये त्याने ते इजिप्शियन एंजिन घेऊन उड्डाणही केले. पण १९६९ साली इजिप्तनेच आपली योजना गुंडाळली. बंगळूरच्या गॅस टर्बाइन संशोधन संस्थेने ऑर्फियसच्याच शेपटात इंधन जाळून रेटा वाढवण्याचा प्रयत्न केला. हीच सुधारणा केलेले मारुत उडवत असताना १९७० च्या १० जानेवारीला सुरंजन दास अपघातात मरण पावले. मारुताला पहिल्याने आकाश दाखवणारा वैमानिक मारुतातच गेला. कारखान्याजवळच्या एका रस्त्याला बंगळूरकरांनी त्यांचे नाव दिले आहे. रोज हजारो लोक त्या रस्त्याने ये-जा करतात.

तरीही मारुत हे वाया गेलेले विमान नव्हे, हे आवर्जून सांगितले पाहिजे. दोन आसनी धरून एकंदर १४७ विमाने बनली. १९७१ च्या डिसेंबरातील युद्धात राजस्थानच्या आघाडीवर, जमिनीलगत उडून रणगाड्यांवर आणि ठाण्यांवर हल्ले करण्याचे काम त्यांनी चोख बजावले. एक एंजिन निकामी झाले असताना दुसऱ्याच्या आधाराने ती परत आली, आणि आकाशातील झुंजीत शत्रूच्या विमानाला एकही मारुत पाडता आले नाही. रचनेत कणखरपणा होता याचा आणखी कोणता दाखला हवा?

येथे इटलीची पुन्हा आठवण होते, आणि ती योगायोगाने नव्हे. ज्या काळात मारुताची आखणी चालली होती त्याच काळात, १९५६ च्या ऑगस्टमध्ये, तुरीनजवळ फियाटचे जी. ९१ हे छोटे जेट विमान उडाले. त्याचेही एंजिन ऑर्फियसच होते. पण ते होते तसे, तयार असलेले. ध्वनीला मागे टाकण्याची हौस त्या विमानाने धरली नाही. नाटो राष्ट्रांच्या स्पर्धेत ते निवडले गेले, शेकडोंनी बनले आणि तीसहून अधिक वर्षे सेवेत राहिले. युद्धापूर्वी ज्या देशाने एंजिनाकडे दुर्लक्ष केले होते त्याच देशाने युद्धानंतर एंजिन पाहून विमान आखले. एच. टी. २ च्या वेळी घाटग्यांनी जे केले तेच तुरीनमध्ये घडले.

आता मुख्य जर-तरकडे येऊ. भारताने ऑर्फियस १२ चा खर्च उचलला असता तर? मारुतावरील चर्चेत हा प्रश्न हमखास निघतो आणि त्याचे उत्तर बहुधा हळहळीने दिले जाते. आपण पथ्ये लावून पाहू. निर्णय दिल्लीच्या हातात होता, हे खरे. पण त्या दिवसांत दिल्लीला काय दिसत होते? १९५७-५८ साली देशाची परकीय चलनाची गंगाजळी झपाट्याने आटत होती. दुसरी पंचवार्षिक योजना, पोलादाचे कारखाने, बाहेरून आणावे लागणारे धान्य, या सर्वांची मागणी त्याच तिजोरीवर होती. त्यातून परदेशातील एका कंपनीच्या, अजून सिद्ध न झालेल्या एंजिनावर पैसे लावायचे, आणि ते एंजिन वापरणारा जगात आपण एकटेच. ज्यांनी नकार दिला ते मूर्ख होते असे म्हणण्यास धजावू नये. शिवाय एंजिन मिळाले असते तरी मारुत ध्वनीच्या दुप्पट वेगाने गेलेच असते याची हमी कोणी द्यावी? शेपटाजवळचा हवेचा अवरोध हे त्या विमानाचे एक जुने दुखणे होतेच. फार तर असे म्हणता येईल, की एक बरेच वेगवान विमान आपल्याला काही वर्षे लाभले असते, आणि त्याच्या पुढच्या विमानाच्या वेळी आपण पुन्हा त्याच दाराशी उभे राहिलो असतो.

म्हणून मला दुसरा एक जर अधिक मोलाचा वाटतो. १९५६ साली विमान आणि एंजिन यांची कामे एकाच दिवशी, पण एकमेकांवर विसंबून न ठेवता सुरू केली असती तर? चांगले जेट एंजिन घडवण्यास विमानापेक्षा जास्त वर्षे लागतात. लाल तापलेल्या झोतात हजारो फेरे घेणारी पाती कोणत्या धातूची करावी, ती कशी ओतावी, किती तासांनी ती ताणून लांबतात, ही विद्या पुस्तकांतून येत नाही आणि परवान्याबरोबरही कोणी देत नाही. ती चाचणीच्या खोलीत, एंजिने मोडून मोडूनच येते. परवाना म्हणजे दुसऱ्याच्या घरचा तयार स्वयंपाक. ताट वाढले जाते, पण फोडणी कधी द्यायची हे कळत नाही.

हा जर आपल्या पथ्यांत बसतो काय? निर्णय आपल्या हातातला होता. त्याचे बी तर पेरलेलेही होते. गॅस टर्बाइनच्या संशोधनाचे केंद्र १९५९ साली कानपूरला निघाले आणि १९६१ साली बंगळूरला आले. ऑर्फियस परवान्याने बनवण्यासाठी १९५७ पासून येथे एंजिनांचा स्वतंत्र कारखाना उभा राहत होता. घाटग्यांच्याच पथकाने आखलेले किरण हे शिकाऊ जेट विमान १९६४ च्या सप्टेंबरात उडाले. तेवढ्या विमानाला पुरेल असे अडीच हजार पौंड रेट्याचे एंजिन बंगळूरमध्ये आखून चालवूनही पाहिले गेले. पण किरणात बसले ते ब्रिटिश व्हायपर एंजिनच. ते लहानसे देशी एंजिन किरणाच्या पोटात काही वर्षे खोकत-अडखळत चालू दिले असते, त्याच्या चुका सोसल्या असत्या, त्यातून मोठे एंजिन काढले असते, तर आज चित्र निराळे दिसण्याचा संभव होता. किंमत? ती तिसऱ्या पथ्याप्रमाणे सांगितलीच पाहिजे. हवाई दलाला काही वर्षे कमी ताकदीच्या, वारंवार दुरुस्तीला येणाऱ्या एंजिनावर शिकाऊ वैमानिक उडवावे लागले असते. त्यात धोका होता. १९६२ च्या चीनच्या आक्रमणानंतर आणि १९६५ च्या युद्धानंतर तो धोका पत्करा असे सेनापतींना सांगणे सोपे नव्हते. त्याच सुमारास नाशिकजवळ ओझरला मिग विमानांचा कारखाना उभा राहिला, आणि तयार, परक्या आखणीच्या विमानांनी तातडीची गरज भागली. गरज भागली, की विद्येची तहान कमी होते. राष्ट्रांचेही असेच असते.

ही सारी जुनी गोष्ट झाली असे कोणी म्हणू नये. बंगळूरमध्येच आखलेले तेजस हे विमान २००१ च्या ४ जानेवारीला प्रथम उडाले, ते अमेरिकन एंजिनावर. त्याच्यासाठी देशात घडवायचे ठरवलेले कावेरी एंजिन १९८९ पासून हाती घेतले होते; विमान उडाले तरी एंजिन सिद्ध झाले नाही, आणि २००८ साली दोघांची फारकत करण्यात आली. २०२१ च्या फेब्रुवारीत हवाई दलाने ८३ सुधारित तेजस विमानांची मागणी नोंदवली. त्यांच्यासाठीच्या अमेरिकन एंजिनांपैकी पहिले एंजिन ठरलेल्या मुदतीनंतर, २०२५ च्या मार्चमध्ये हाती आले. सी. २०२ च्या कारखान्यात जी वाट पाहिली गेली, मारुताच्या कारखान्यात जी पाहिली गेली, तीच वाट तिसऱ्यांदा पाहणे आपल्या नशिबी आले.

येथे कोणाला दोष देण्याचा हेतू नाही. विमान डोळ्यांना दिसते, त्याचे चित्र वर्तमानपत्रात छापता येते, त्याच्या पहिल्या उड्डाणाला मंत्री येतात. एंजिन कवचाखाली झाकलेले असते, आणि ते घडवणाऱ्यांची वीस वर्षे बंद खोलीत, कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात जातात. लोकशाही असो की हुकूमशाही, ज्याचा सोहळा होतो त्याला पैसा लवकर मिळतो. इटलीत हा कल मुसोलिनीच्या मिरवणुकीच्या हौसेमुळे होता. आपल्याकडे तसली हौस नव्हती, निकड होती. कारणे भिन्न, पण परिणाम सारखा निघाला, हे विचार करण्याजोगे आहे.

जर-तरचा उपयोग एवढ्यासाठीच. मेलेल्या निर्णयांना जिवंत करता येत नाही, पण तसाच निर्णय पुन्हा टेबलावर येतो तेव्हा त्याला ओळखता येते. भावी विमानांसाठी एंजिन कोठून आणावे, परक्यांच्या सहकार्याने घडवावे की स्वतः घडवावे, ही चर्चा आपल्या देशात आज पुन्हा चालू आहे. ती वाचताना आपण एक साधा प्रश्न विचारावा. या योजनेत ज्याचा सोहळा होणार नाही अशा कामासाठी किती वर्षे आणि किती पैसा राखून ठेवला आहे, आणि विमानाची योजना उद्या बदलली तरी ते काम चालू राहणार आहे काय? उत्तर होकारार्थी असेल तर पुढच्या पिढीतील शौकिनांना बंगळूरविषयी जर-तर करत बसण्याची वेळ येणार नाही.